खाटेवरचा गिअरबॉक्स

पितांबरनानांनी त्या मंगळवारी सकाळी ठरवलं ते एवढंच, की गिअरबॉक्सचा एक नट काढायचा आणि आत डोकावून बघायचं. (माणूस विहिरीतही आधी डोकावूनच बघतो. पडतो नंतर.)

नाना राहणार असोद्याचे, नोकरी जळगावच्या एका जिनिंग सोसायटीत, हुद्दा हेडक्लार्कचा आणि छंद वस्तू उघडून बघण्याचा. आजवर त्यांनी घरातला रेडिओ, शिलाई मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ उघडून बघितलं होतं. रेडिओ गेला तो गेलाच. मशीन तेव्हापासून उलटी टीप घालतं. घड्याळ मात्र उत्तम चालतं. दिवसाला दोन तास पुढे चालतं, म्हणजे इतर घड्याळांपेक्षा जास्तच.

सत्त्याऐंशी साली या गृहस्थांनी लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक घेतला. साध्या ट्रकची मागची चाकं राबतात आणि पुढची वऱ्हाडी असल्यासारखी नुसती सोबत येतात. या ट्रकात तसं नव्हतं. त्याच्या पोटाखाली आणखी एक छोटा गिअरबॉक्स होता. मोठ्या गिअरबॉक्सकडून ताकद घ्यायची आणि चारी चाकांना सारखी वाटून द्यायची, हे त्याचं काम. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या सासूचं असतं तसं. चिखल असो, रेती असो, एक लिव्हर ओढला की चारी चाकं कामाला लागत.

आणि रेती तर होतीच. नानांच्या पत्नी प्रमिलाबाईंची दोन एकर केळी नाल्यापलीकडे होती. नाना सोसायटीच्या पंख्याखाली बसलेले असताना त्या माउलीने कंद निवडण्यापासून पाणी धरण्यापर्यंत सगळं स्वतः करून उभी केलेली ही पहिली बाग. गुरुवारी घड कापायचे आणि संध्याकाळी स्टेशनात वॅगन भरायची, हे व्यापारी चंपालालशेटशी ठरलेलं. वॅगन कोणासाठी थांबत नाही, आणि कापलेली केळी तर वॅगनसाठीही थांबत नाहीत. नाल्यात रेती गुडघाभर. भरली बैलगाडी तिथे आसापर्यंत रुतते.

नेमक्या त्याच आठवड्यात तो लिव्हर रुसला. रेतीत टाकला की खट्‌कन परत येई. भुसावळचे तोताराम मिस्त्री असे ट्रक लष्करात वीस वर्षं चालवून आलेले. पण ते एका लग्नाला गेलेले, येणार रविवारी. रविवारी केळी नाहीत, नुसती शिकरण राहिली असती. तेव्हा नानांनी हातात पाना घेतला.

एका नटातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा. नऊ वाजेपर्यंत लिंबाच्या फांदीला विहिरीचा रहाट बांधून आणि गल्लीतले सहा जण दोराला लावून तो गिअरबॉक्स खाली उतरला होता. साडेदहापर्यंत आतलं सगळं बाहेर आलं होतं. दोष लगेच सापडला. एक बेअरिंग खिळखिळं झालं होतं आणि तेलाचं एक सील फाटलं होतं. नाना स्वतःवर इतके खूष झाले, की त्यांनी एकेचाळीस नग अंगणातल्या खाटेवर, धुतलेल्या धोतरावर, निघाले त्या क्रमाने मांडले. उशाशी पहिला, पायथ्याशी शेवटचा. खडूने नंबर घालावेत असं एकदा मनात आलं होतं. पण बावीस वर्षं फायली लावणाऱ्या माणसाला नंबर कशाला, म्हणून त्यांनी हात धुतले आणि बेअरिंग-सील आणायला बसने जळगाव गाठलं.

त्या दिवशी प्रमिलाबाईंची पापडाची पाळी होती, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

असोद्यात चैत्रात पापड एकटीने कोणी लाटत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असं करत अख्खी गल्ली पोळपाट-लाटणं घेऊन फिरते. नाना तीन वाजता परतले तेव्हा अंगणात अकरा बाया बसल्या होत्या, आणि खाटेवर उडदाचे पापड वाळत होते. उशापासून पायथ्यापर्यंत.

नानांनी विचारलं, इथलं सामान कुठे आहे. शेजारच्या सुमनबाईंनी लाटणं न थांबवता न्हाणीकडे बोट दाखवलं. "घंगायात ठेवलं. तेलानं कायं कायं दिसू रायलं होतं, म्हटलं पापडाले लागीन. घासून टाकलं बठ्ठं."

बठ्ठं म्हणजे सगळं, आणि घासलं म्हणजे खरंच घासलं होतं. लोखंड राखेने आणि पितळ चिंचेने. गिअरच्या दातादातांत नारळाची शेंडी फिरली होती. पितळी चकत्या देव्हाऱ्यातल्या तबकासारख्या लखलखत होत्या. कुठल्या बाजूला काय घासत होतं याची एकही खूण उरली नव्हती. (लष्करात एवढी स्वच्छता असती तर तो ट्रक त्यांनी विकलाच नसता.)

नाना घंगाळापाशी बसले. प्रमिलाबाई पिठाचे हात घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. कितीसं काम आहे, असं त्यांनी विचारलं. साधंच आहे, असं सांगायला नानांनी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं. कुठला नग कुठे जातो ते आता देवालाच माहीत.

अकरा लाटणी थांबली. नाल्यापलीकडची बाग त्या अंगणातल्या प्रत्येकीने एकदा तरी खुरपली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून भागाबाईअक्का बोलल्या. अक्का पंच्याहत्तरीच्या. माहेर धुळ्याकडचं, सासरी पन्नास वर्षं काढली तरी बोली माहेरचीच.

"पितांबर, डोकं धरीसन काय बठना? मन्हा ध्यानमा शे बठ्ठं."

गिअर आणि वॉशर अक्कांना कळत नव्हते. पण सामान एकीने उचललं नव्हतं. उशाकडून सुरुवात करून एकेक नग हातोहात न्हाणीपर्यंत गेला होता, आणि हात चालू असताना तोंडं बंद होती असं कोणी म्हणू शकलं नसतं. कुठली गोष्ट चालू असताना कोणाच्या हातात काय होतं, हे अक्कांना स्वच्छ आठवत होतं. मोठं दातेरी चाक त्यांनी स्वतः उचललं, तेव्हा सुमनबाई विहिणीच्या कवळीची हकिकत सांगत होत्या. कवळी पंगतीत निसटली, त्या वेळी लांब दांडा आला. मग गोष्टी आठवल्या की नग आपोआप आठवणार.

नानांनी सोसायटीची वही काढली. बायांनी सकाळच्या सगळ्या गप्पा पहिल्यापासून पुन्हा मारायला घेतल्या, आणि नाना लिहू लागले. नग ७, छोटं चाक (विहिणीची कवळी, सापडली). नग १४, मधलं चाक (गुरुजींच्या मुलीचं लग्न जमलं). नग १५, तसंच चाक, पण पालथं (लग्न मोडलं). नग १९, स्प्रिंग (धाकट्या सुनेचं माहेरी जाणं). विसाव्या नगाला दोघींचं भांडण झालं, कारण एकीच्या मते सुनेची गोष्ट या नगानंतर निघाली होती. सुनेची सासू तिथेच लाटत होती, तिला विचारून खात्री करून घेतली. स्प्रिंगच आधी निघाली.

सव्विसाव्या नगाशी गाडी अडली. तिथे दोन पितळी चकत्या होत्या, एक पातळ, एक जाड, आणि त्यांची अदलाबदल झाली तर गिअर जागेवरून हलणार नव्हता. नानांनी विचारलं, तेव्हा काय बोलणं चाललं होतं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सुमनबाईंना अचानक पापड उलटवायचे आठवले.

अक्का म्हणाल्या, "तुन्हीच गोट चालू व्हती."

नाना म्हणाले, सांगा. माझ्याबद्दल काहीही असो, चकत्या महत्त्वाच्या.

प्रमिलाबाईंनी पिठाच्या गोळ्याकडे बघत सांगितलं. परवा रविवारी चंपालालशेट येऊन गेले होते. ट्रकचं ऐकून त्यांना काळजी वाटली आणि दोन ट्रॅक्टर पाठवतो म्हणाले. "मी म्हटलं, नको. आमच्या घरी गाडी आहे, अन् गाडीला माणूस आहे." शेटजींनी मग ते ट्रॅक्टर भडगावच्या बागेवर लावून टाकले.

नानांना आधी घाम फुटला. मग त्यांनी वहीतून मान वर करून प्रमिलाबाईंकडे नीट बघितलं. शिलाई मशीन, रेडिओ, घड्याळ हे सगळं पाहूनसुद्धा ही बाई शेटजींना असं म्हणाली होती.

"मग आम्ही हसलो," सुमनबाईंनी कबूल केलं. "लय हसलो. हसता हसता माया हातची चकती पडली. छन्न वाजली."

छन्न म्हणजे पातळ. नानांनी वहीत लिहिलं: नग २६, पातळ (हसल्या).

बुधवारीही त्यांनी रजा टाकली आणि वही समोर ठेवून शेवटच्या गप्पेपासून पहिल्या गप्पेपर्यंत गिअरबॉक्स उलटा बांधत आणला. चकत्यांच्या जाडीत शंका आली, की सुमनबाई चिमटीत धरून सांगत. केसाएवढा फरक त्यांना बोटांनी कळे, कारण तीस वर्षं पापडच लाटले होते. संध्याकाळी सहा जण दोराला लागले आणि डबा ट्रकच्या पोटाला परत चिकटला.

गुरुवारी दुपारी भरला ट्रक नाल्यात उतरला. काठावर अकरा बाया पदर खोचून उभ्या होत्या. अडला तर ढकलायचा, असं ठरवून आलेल्या. नानांनी लिव्हर टाकला. तो बसला आणि बसून राहिला. चारी चाकांनी रेती धरली, आणि दोन एकरांतला पहिला माल डुलत डुलत वर चढला. कोणाला हात लावावा लागला नाही. (चढावर गिअरबॉक्स तापला तेव्हा पापडखाराचा वास आला, असं नाना शपथेवर सांगतात.) तीन खेपा झाल्या. वॅगन वेळेवर भरली. शेटजींनी गाडीच्या माणसाची चौकशी केली, तेव्हा प्रमिलाबाईंनी नुसतं ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलं. नानांना तेवढं वर्षभर पुरलं असतं.

पण उपकार विसरणाऱ्यातले ते नव्हते. पुढच्या महिन्यात त्यांनी जळगावहून पेंटर आणला आणि ट्रकच्या मागच्या फळीवर, लोक देवाचं नाव घालतात त्या जागी, अकरा जणींची नावं लिहवून घेतली. सगळ्यांत वर अक्का. पेंटरने विचारलं, की हा ट्रक आहे की महिला मंडळ. प्रमिलाबाईंचं नाव बाराव्या ओळीत, मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंना कमळ. पेंटरचं जेवण घरीच झालं. दुपारी नाना जरा आडवे झाले होते, तेवढ्या वेळात प्रमिलाबाईंनी त्याच्याकडून आणखी थोडं काम करून घेतलं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

ते कळलं आषाढात. एका रविवारी नानांना पोटाखालून बारीक कुरकुर ऐकू आल्यासारखी वाटली. घरात सामसूम होती. एकच नट काढून बघू, असं ठरवून ते पाना घेऊन ट्रकखाली सरकले, उताणे झाले, आणि डोळ्यांसमोर गिअरबॉक्स आला. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने, सुबक अक्षरांत, फक्त झोपलेल्या माणसालाच वाचता येईल असं लिहिलेलं होतं:

"अहो, राहू द्या."