राधीला न पटलेलं अत्तर

औशाच्या मंगल कार्यालयात हळदीच्या पंगतीला किशनराव बसले, तेवढ्यात शेजारच्या पाव्हण्यानं नाकाला रुमाल लावला आणि सरळ विचारलं, "मामा, गोठ्यातून उठून थेट हिकडंच आलाव का?"

अख्खी पंगत हसली. किशनराव हसले नाहीत. सकाळी दोनदा अंघोळ करून, नवं धोतर नेसून, फेटा बांधून हा माणूस किल्लारीच्या पलीकडच्या खेड्यातून भाच्याच्या लग्नाला आला होता. नवरदेवाचा मामा, म्हणजे मान त्यांचा. आणि घरी त्यांची एकुलती एक म्हैस होती, राधी. तिचा वास येत असेल तर येत असेल, पण तो पंगतीत बोलून दाखवायचा? किशनराव भरल्या ताटावरून उठले आणि तरातरा चौकातल्या चांदपाशांच्या अत्तराच्या दुकानात शिरले.

"तुमच्याकडचं सगळ्यात कडक अत्तर काढा."

चांदपाशा सत्तरीचे होते. आजोबांपासूनचं दुकान, स्वच्छ पांढरा सदरा, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी शांतपणे विचारलं, "कशासाठी पायजे? शादी हाय, दर्ग्याला जायचं हाय, का असंच?"

"अपमान झालाय."

अपमानासाठी दुकानात वेगळी बाटली नव्हती. चांदपाशांनी थोडा विचार करून वरच्या फळीवरची हिना काढली. "जरासा कापूस बुडवा अन् कानात ठेवा. बस. जास्त लावू नका. लई जिद्दी अत्तर हाय हे."

किशनरावांना फक्त 'जिद्दी' ऐकू आलं. कार्यालयाच्या मागं जाऊन त्यांनी ती बाटली डोक्यावर, मिशीवर, छातीवर आणि काखेत रिकामी केली. तळाशी उरलेले चार थेंब चपलांवर टाकले. दुपारी अक्षतांच्या वेळी तोच पाव्हणा जवळ येऊन म्हणाला, "मामा, अत्तर कोणतं हो?" किशनरावांनी नुसती मिशी कुरवाळली. मामाचा मान राहिला.

संध्याकाळी घरी येऊन ते बादली घेऊन गोठ्यात गेले, तेव्हा राधीनं मान वर केली, फुर्र केलं आणि दावं ताणून भिंतीला चिकटली. किशनराव पुढं सरकले. राधीनं लाथ झाडली. बादली उकिरड्यात गेली.

"आगं म्या हाय! किशन हाय!"

"तिला काय कळतंय कोण हाय ते," त्यांची बायको साखराबाई दारातून म्हणाली. "मलाच कळंना झालंय."

राधीचं रेडकू गेल्या महिन्यात अंगावरून तुटलं होतं. तेव्हापासून ती फक्त किशनरावांच्या हाताला पान्हवायची. साखराबाईनं बसून पाहिलं, शेजारणीनं पाहिलं. राधीनं थेंबभर दूध सोडलं नाही. सकाळपर्यंत कास दगडासारखी झाली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं राधीला पुढून-मागून तपासलं, मग नाक उडवत किशनरावांकडं पाहिलं.

"म्हशीला काही झालेलं नाही. तुम्हाला झालंय."

"मग इंजेक्शन द्या की!"

"कुणाला? तुम्हाला? अहो, जनावर मालकाला वासानं ओळखतं. तुमचा वास परत आणा. दूध असंच कासेत राहिलं तर कास सुजेल, आचळं कामातनं जातील."

आता किशनराव घाबरले. शिकेकाईनं डोकं धुतलं, सोड्यानं अंग घासलं, काळी माती चोपडली. हिना जशीच्या तशी. शेजाऱ्यानं सुचवलं म्हणून अंगाला शेण लावलं, तर शेणालाच हिनाचा वास यायला लागला. साखराबाईनं भाच्याच्या लग्नाआधी त्यांचे झाडून सगळे कपडे उकळून काढले होते. फक्त विहिरीवरच्या मोटारीच्या खोपटात एक जुना टॉवेल सापडला. तो पांघरून किशनराव गोठ्यात गेले. पण अंगावरच्या हिनानं अर्ध्या तासात टॉवेलही बाटवला. राधीनं पुन्हा लाथ झाडली.

किशनरावांचं टाळकं फिरलं. टॉवेल खाकोटीला मारून त्यांनी औशाची जीप धरली. जीपवाला म्हणाला, "मामा, टपावर बसता का जरा?" ते टपावर बसले. राग दर मैलाला वाढत गेला.

"हे तुमचं अत्तर काढून घ्या!" दुकानात पाय ठेवताच ते ओरडले. "म्हैस मला वळखंना! धार देईना! कास दगड झालीय तिची!"

चांदपाशांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचाही आवाज चढला. "आजोबाच्या टायमापासून लोक येतेत, वास टिकत न्हाई म्हणून भांडतेत. टिकतोय म्हणून भांडणारे तुम्ही पहिले! एका म्हशीच्या नाकापायी माझ्या दुकानाची इज्जत काढून राहिलाव?"

"मपल्या म्हशीच्या नाकाला नावं ठिवायचं काम न्हाई!"

"अन् माझ्या हिनाला?"

गल्ल्यावर बसलेल्या वहिदाबी नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, लड़ते कायकू? उनको दो दिन धूप में काम करने बोलो, बास आपीच आ जाती."

"दोन दिवस म्हैस थांबंल का?" किशनरावांचा आवाज एकदम खाली आला. डोळ्यांत पाणी होतं, ते हिनामुळं आलंय असं म्हणायची सोय राहावी म्हणून चांदपाशांनी दुसरीकडं पाहिलं.

"तो टॉवेल द्या हिकडं," ते म्हणाले.

त्यांनी टॉवेल नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "वर हिना हाय. तिला बाजूला ठेवू. खाली... कडबा. सरकीची पेंड. तंबाखू, चुना जरा जास्त खाताव तुम्ही. मोटारीचं ऑइल. अन् घाम. हा घाम चांगला हाय. उन्हातला हाय."

किशनरावांनी पाठ ताठ केली. त्यांच्याविषयी इतकं आदबीनं आजवर कुणी बोललं नव्हतं, लग्नातल्या आहेराच्या वेळीही नाही.

चांदपाशांनी मातीचं अत्तर काढलं, खस काढला, सरकीचं तेल मागवलं, तंबाखू चुरली, आपल्या स्कूटरच्या इंजिनातून थेंबभर ऑइल आणलं. प्रत्येक मिश्रण ते आपल्याच मनगटावर, मग कोपरावर, मग सदऱ्याच्या बाहीवर लावून बघत होते. दुपार कलली तेव्हा त्यांनी टॉवेल हुंगला, बाही हुंगली आणि म्हणाले, "हे घ्या. हे तुम्ही."

पण किशनरावांच्या अंगाला लावलं की हिना ते गिळून टाकायची. चांदपाशा चिडले. "माझंच अत्तर माझ्याच अत्तराला ऐकंना! चला, म्या येतो. बघू तुमच्या म्हशीचं नाक."

स्कूटरवरून दोघं दिवस मावळायच्या आत गोठ्यात पोचले. राधीनं किशनरावांकडं पाहून फुर्र केलं. मग तिची नाकपुडी हलली. तिनं मान लांबवली, चांदपाशांची बाही हुंगली, मनगटापासून कोपरापर्यंत चाटली आणि घशातल्या घशात हुंकार दिला. आचळं टरारली.

"भाऊ, बसा, बसा!" साखराबाई ओरडली. "पान्हा सोडला तिनं!"

"मी? बाई, मी अत्तरवाला हाय!"

"आत्ता राधीपुरतं तुमीच मालक हाव! अंगठा आत घ्या, मूठ वळा, वरून खाली!"

पहिली धार चांदपाशांच्या दाढीत गेली, दुसरी टोपीवर. तिसरी बादलीत वाजली. किशनराव वैरणीची पेंढी धरून उभे होते आणि संतापानं तिच्यातल्या काड्या मोडत होते.

"आठ वर्सं चारली म्या हिला! बाळंतपणं केली हिची! अन् ही बाहीवर भाळली!"

मग रोज सकाळ-संध्याकाळ तोच सदरा घालून चांदपाशांची स्कूटर गावात यायला लागली. वहिदाबींचा फोन यायचा, "दुकान पे लोगां खड़े हैं, तुमे कहाँ हैं?" चांदपाशा हळूच सांगायचे, "भैंस के पास." धार आता सरळ पडायची. ते राधीला 'बेगम' म्हणायचे, आणि किशनराव गोठ्याबाहेर जाऊन थुंकायचे. आपला वास परत यावा म्हणून ते भर दुपारी स्वेटर घालून सोयाबीन खुरपत होते. गाव बांधावर उभं राहून बघायचं. कुणी विचारलं, की ते एवढंच म्हणायचे, "घाम काढून राहिलो."

पाचव्या दिवशी पहाटे किशनराव सवयीनं गोठ्यात शिरले. राधीनं त्यांचा खांदा हुंगला आणि चाटला. किशनराव हलले नाहीत. मग हळूच बसले, कासेला हात लावला. पान्हा उतरला. फेसाळलेली बादली अर्धी झाली, तेवढ्यात ओढ्याकडून स्कूटरचा आवाज आला आणि त्यांचे हात थांबले.

"थांबलाव कामून?" साखराबाईनं विचारलं. "आटपा की."

किशनरावांनी बादली जरा बाजूला सरकवली.

चांदपाशा बाह्या वर सारतच आत आले. त्यांनी बादली पाहिली, राधी पाहिली, किशनरावांचे ओले हात पाहिले.

"आला का वास वापस?"

"आला."

"बरं झालं. लई बरं झालं. माझं पन दुकान..." ते हसले आणि एकेक घडी करत बाह्या खाली सोडायला लागले.

किशनराव ताडकन उठले. "बाह्या कामून सोडून राहिलाव? ह्या अंगाची दोन आचळं तशीच हायत. उशीर तुमी करायचा अन् पान्हा तिनं धरून ठिवायचा व्हय? बसा लवकर!"

चांदपाशा बसले. किशनराव तिच्या डोक्याशी जाऊन, तोंड फिरवून उभे राहिले.