वाकडं फेक

आमच्या शेजारचे नाना अलीकडे कोणाच्या हातून काही घेत नाहीत. "फेक," म्हणतात. त्यातही, "सरळ नको, वाकडं फेक." भाजीवाली अक्का वांगी गटाराच्या दिशेने भिरकावते आणि सत्तरीचे नाना आडवे होऊन झेलतात. मागे एका लग्नात गुरुजींनी नारळ पुढे केला, तर म्हणे, "फेका ना महाराज." म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला झालाय, याची मला खात्रीच पटली होती.

तरुणपणी नाना बेसबॉल खेळायचे. जळगावात बेसबॉल? हसा, मीही हसलो होतो. साक्रीकडच्या पाड्यावरचा सुकराम नावाचा भिल्ल पोरगा चेंडू टाकायचा आणि नाना बॅटवाल्याच्या मागे उकिडवे बसून तो झेलायचे. ज्वारीवरची पाखरं गोफणीने उडवून तयार झालेला त्या पोराचा हात. नानांची दोन बोटं अजून वाकडी आहेत, ती सुकरामची मेहेरबानी. येईल त्या पाहुण्याला ती दाखवतात.

मोठ्या संघाच्या निवडीत नानांचं नाव आलं, सुकरामचं नाही. "पाड्यावरचं पोरगं, चार लोकांत कसं वागणार?" असं कोणी साहेब म्हणाले. "मंग मी बी नाही," म्हणून नाना उठून आले. दोघांनी पाड्यावरच्या पोरांचाच संघ काढला. केळीच्या रिकाम्या ट्रकमधून गावोगावच्या यात्रांना जायचं, खेळायचं, भाकरी खाऊन परत. पेपरात कधी एक ओळ आली नाही.

गेल्या रविवारी नानांची नेहमीची बस चुकली, म्हणून मी त्यांना गाडीने साक्रीकडे नेलं. अंगणात खाटेवर सुकरामभाऊ बसलेले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, आता हात जरा हलतो. डॉक्टरांनी चेंडू टाकत राहा म्हटलंय. "पण बॉल खाली पडला की दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपतात," सून हळूच म्हणाली.

नाना समोर उकिडवे बसले, गुडघे कडकड वाजले. चेंडू सुटला तो थेट कोंबड्यांच्या खुराड्याकडे. नाना सगळ्या अंगानिशी आडवे झाले आणि झेललाच.

"कसा व्हता?" सुकरामभाऊंनी जड जिभेने विचारलं.

नाना तळव्यावर फुंकर मारत बसले. "हात झनझनी गया रे भाऊ. बठ्ठा जोर शे आजून."

त्या चेंडूने पिकला टोमॅटोसुद्धा फुटला नसता. पण सुकरामभाऊ हसले आणि चेंडूसाठी पुन्हा हात पुढे केला. मला काही तिथे उभं राहवेना.

आता रोज सकाळी नानांचा पेपर मीच टाकतो. जमेल तितका वाकडा.