बंद केल्यावरचा उजेड

छताला बारा भोकं पाडून झाली, तेव्हा कुठे पंजाबरावांच्या घरात भांडण सुरू झालं. भोकं पाडेपर्यंत सगळे एकमताचे होते.

अमडापूरच्या बाहेर, शेताच्या कडेला बांधलेल्या नव्या घराचा तो हॉल. पांढऱ्या पीओपीत दोन ओळींनी सहा-सहा गोल भोकं. त्यांत बसवायचे दिवे पंजाबरावांना हॅलोजनचे हवे होते आणि त्यांच्या मुलाला, गजेंद्रला, एलईडीचे.

"हॅलोजनचा उजेड कसा, तुपावानी," पंजाबराव म्हणाले. "माणूस माणसावानी दिसते. तुया त्या एलईडीत समदे दवाखान्यातले वाटतात."

"बाबा, हॅलोजन तापते किती! खाली बसलं तं पापड भाजते."

"मंग भाज ना पापड. गॅस वाचन."

सुनेनं, राखीनं, दोघांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. तिला सातवा महिना होता. येत्या रविवारी डोहाळजेवण, आणि मलकापूरहून तिची आई बायकांची गाडी भरून येणार होती. राखीचं लग्न टाळेबंदीत वीस माणसांत उरकलेलं. हळदीला गाणी म्हणायलाही कुणी नव्हतं. मोबाइलवर लावली होती. जुन्या घरात दहा बायका बसल्या की अकरावी उंबऱ्यावर. म्हणून तिचं एकच मागणं होतं: एकदा, फक्त एकदा, या नव्या हॉलमध्ये भरगच्च बायका बसाव्यात आणि तिच्या नावानं गाव्यात.

शेखर इलेक्ट्रिशियननं तोडगा काढला. एका ओळीत हॅलोजन, दुसरीत एलईडी. आठ दिवस वापरा, नको ते काढतो. निवाडा घरच्या मालकिणीनं, पंजाबरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी करायचा.

पहिल्या संध्याकाळी पंजाबराव मुद्दाम हॅलोजनखाली खुर्ची टाकून बसले. टक्कल आधी चमकलं, मग तापलं. पाचव्या मिनिटाला त्यांनी उपरणं डोक्यावर घेतलं आणि "किती गोड वाटून राह्यलं" असं म्हणत खुर्ची हळूच सरकवली. एलईडीखाली मनकर्णाबाईंना ताटातली मेथी निळसर दिसली. निकाल लागला नाही. दिवेलागण टळून गेली होती. सगळे जेवायला जुन्या घराकडे निघाले, मनकर्णाबाईंनी दोन्ही बटनं बंद केली आणि दारातून सहज मागे पाहिलं.

हॅलोजनची ओळ काळीकुट्ट होती. एलईडीची ओळ विझली नव्हती. सहाही दिवे तेवत होते, पण असे की त्यांना पेटलेलं म्हणता येऊ नये. उजेड कसला, उजेडाची आठवण. राखेखाली निखारा जागा असावा तसा. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी सहावा दिवा मंद लुकलुकला. त्याच्या बरोबर खाली दिवाण होता, आणि दिवाणावर आबांचा हार घातलेला फोटो.

आबा, म्हणजे पंजाबरावांचे वडील, उत्तमराव. घराच्या पायाचा नारळ त्यांनी फोडला होता. शेवटच्या महिन्यात रोज संध्याकाळी एकच विचारत, "नव्या घरात लाइट आली का रे?" मीटर बसायच्या आठ दिवस आधी गेले.

मनकर्णाबाईंनी बटन पुन्हा दाबलं, पुन्हा बंद केलं. उजेड गेला नाही.

"आले," त्या म्हणाल्या. "लाइट आली म्हून आबा आले."

शेखर तेव्हा लोणारला कामावर होता. गजेंद्रनं फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काकू, घाबरू नका," शेखर म्हणाला. "त्या बटनात बारकी लाल बत्ती आहे. तिच्यातून थेंबभर करंट जाते. एलईडीले तेवढ्यात भागते."

"मंग हॅलोजन काऊन नाही लुकलुकत?"

"त्याचं पोट मोठं आहे काकू. थेंबानं त्याचं काय होते?"

"आबाचं बी तसंच होतं," मनकर्णाबाई गहिवरल्या. "चमचाभर पेजेवर महिना काढला त्यायनं."

फोन ठेवल्यावर शेजारच्या मंजुळाबाई आल्या, तोंडाला पदर लावून दिव्याकडे पाहत राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मनकर्णे, आबाच्या दहाव्याले पिठावर काय उमटलं होतं व?"

गेलेल्या माणसाच्या दिव्यापुढे पीठ पसरायचं आणि सकाळी त्यावर पाऊल पाहायचं, पाखराचं उमटलं की जीव सुटला म्हणायचं, ही तिकडची रीत. आबांच्या वेळी पीठ जसंच्या तसं राहिलं होतं. तो सल मनकर्णाबाईंनी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

"पुन्हा पसर," मंजुळाबाई म्हणाल्या. "आणि पोटुशी पोर तोवर आत नको जाऊ देऊ."

राखी व्हरांड्यातच थबकली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, आणि रविवार?"

"रविवारचं जुन्या घरात करू बाई. दाटीवाटीनं बसतीन बाया."

राखीनं मान हलवली. पुन्हा मोबाइलवरच गाणी लावावी लागतील असं तिला वाटून गेलं.

दिवाणापुढे ज्वारीचं पीठ पसरलं, दार लोटून कडी घातली. सकाळी सगळ्यांत आधी मनकर्णाबाईंनी दार उघडलं आणि तिथंच खाली बसल्या.

पिठावर पाखराचं पाऊल नव्हतं. माणसाचं होतं. चार पावलं, अनवाणी, दारापासून दिवाणाकडे गेलेली. उजव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा. आबांचा उजवा अंगठा असाच वाकडा होता. तो जन्मतःच तसा होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि दिवाणाकडून दाराकडे येणारं एकही पाऊल नव्हतं. आलेला अजून आतच होता.

मंजुळाबाईंच्या हातातली पितळी खणकन पडली. गजेंद्र, जो काल हसत होता, त्यानं चप्पल काढून हात जोडले. तासाभरात अर्धी गल्ली दारात. कुणी लिंबू आणलं, कुणी अंगारा, आणि एका शहाण्यानं आबांनी खणायला उसनं नेलेलं टिकास कुठं आहे ते विचारायला सांगितलं.

राखीला आत जायची मनाई होती. म्हणून आतलं पाऊल तिला दिसलं नाही. तिला दिसल्या बाहेरच्या चपला. पंजाबरावांची उजवी चप्पल, आणि तिच्या अंगठ्यात बसलेलं ज्वारीचं पीठ.

गर्दी पांगल्यावर ती गोठ्यामागे गेली. पंजाबराव तिथं म्हशीशी बोलावं तसं स्वतःशीच पुटपुटत होते.

"मामाजी," ती म्हणाली, "चप्पल झटकून घ्या."

पंजाबरावांनी चप्पल पाहिली. सुनेकडे मात्र पाहिलं नाही.

"पहाटे गेलतो," ते म्हणाले. "दिवाणावर बसलो. म्हटलं, खरंच आले असतीन तं इचारावं. आबा, घर आवडलं का म्हून."

"मंग?"

"काही बोलले नाही. जिता असतानी बी कुठं बोलत होते माह्याशी? पण म्या बसलो तेवढा वेळ जागे होते. उठतानी पायाले पीठ लागलेलं समजलं, म्हून भिंतीच्या कडंकडंनं आलो."

"आत्याबाईले सांगा ना. माहा रविवार चालला, मामाजी."

सत्तावन्न वर्षांचा माणूस, गावच्या सोसायटीत आवाज चढवणारा. त्यानं आधी चप्पल झटकली. मग ते गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाय माहे आहेत."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. "तुमी सुनेसाठी आपल्या अंगावर घेऊन राह्यले."

"अवो, माहेच आहेत! हे पाय!" पंजाबरावांनी पाय पिठात दाबला. ठसा तंतोतंत जुळला. वाकड्या अंगठ्यासकट.

मंजुळाबाई वाकल्या, दोन्ही ठसे न्याहाळले आणि म्हणाल्या, "बापाचा पाय पोराले आला. याच्यात काय नवल?"

पंजाबराव पिठातच उभे राहिले. माणसाला स्वतःचं पाऊलही सिद्ध करता येऊ नये, याहून भुताटकी ती कोणती?

दुपारी शेखर लोणारहून आला. त्यानं बोर्ड उघडला, लाल बत्तीचं बटन काढून सगळ्यांना दाखवलं, साधं बटन बसवलं. खिडक्या लावून हॉल अंधारा केला. बटन दाबलं, बंद केलं. सहाही दिवे ठार विझले.

"पाहा काकू. गेलं भूत."

आत मिट्ट काळोख. मग त्या काळोखातून मनकर्णाबाईंचा हुंदका आला, आणि हुंदक्यामागून जात्यावरचा सूर, जो त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता:

"दिवा लागला लागला, माह्या नव्या गं घरात
गेला जीव परतला, उजेडाच्या पदरात..."

सूर तुटला. "घालवून देल्लं तुमी त्यायले," त्या म्हणाल्या. "पणतवंड पाहाच्या आधी. ज्या घरातून थोरलं माणूस रुसून गेलं, त्या घरात मी ओटी नाही भरत."

गजेंद्रनं कपाळावर हात मारला. "काल ते होते म्हून नाही. आज नाहीत म्हून नाही!"

राखी उंबऱ्यापर्यंत आली. तिनं एक हात पोटावर ठेवला होता.

"शेखरदादा," ती म्हणाली, "जुनं बटन फेकलं का हो?"

"खिशात आहे."

"बसवा." मग ती सासूकडे वळली. "आत्याबाई, आबा पणतवंडासाठीच आले असतीन, तं त्यायच्यासमोर नाही बसाचं तं कोणासमोर बसू?"

मनकर्णाबाईंनी डोळे पुसले. "हे तं मंजुळेच्या ध्यानातच नाही आलं," त्या म्हणाल्या.

शेखरनं निमूट जुनं बटन बसवलं. सहा दिवे पुन्हा मंद उघडले, झोपलेल्यानं पापणी किलकिली करावी तसे. तो पान्हे गोळा करू लागला, तेव्हा पंजाबराव खाकरले.

"आता ते हॅलोजन काढ. समदे. बारा एलईडी कर."

"बाबा! आणि तुमचा तुपावानी उजेड?"

"एलईडीत पिवळा बी येते काका," शेखर म्हणाला.

"मंग आधी काऊन नाही सांगतलं बे?"

"तुमी दोघं भांडून राह्यले होते. मधात बोलाले जागा कुठं होती?"

"पण बाबा, तुमाले तं हॅलोजनच..."

पंजाबरावांनी छताकडे पाहिलं. "हॅलोजन बंद केलं का बंदच होते रे," ते म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवायच्या निमित्तानं बाहेर गेले.

रविवारी त्या हॉलमध्ये एकावन्न बायका बसल्या. बारा दिव्यांचा पिवळा उजेड, हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि मलकापूर-अमडापूरच्या बायकांची गाण्यावरून लागलेली चढाओढ. राखी मध्यभागी पाटावर हसत होती आणि रडत होती. सांज कलली तशी तिची आई, अन्नपूर्णाबाई, फोटोवाल्यासाठी निरांजनाचा उजेड नीट यावा म्हणून उठली आणि तिनं दोन्ही बटनं बंद केली. खोली सावळी झाली. छतात मात्र बारा डोळे अर्धवट मिटून पाहत राहिले. तिनं बटनं दोनदा खालीवर केली. एकावन्न बायकांचं गाणं अर्ध्यात थांबलं.

"विहीणबाई," ती घाबरून कुजबुजली, "हे काय व?"

"राहू द्या," ओटी भरता भरता मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते आमचे सासरे आहेत."

अन्नपूर्णाबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला.