डॉ. अनुभवींचं खात्रीलायक उत्तर

सोमवारी संध्याकाळी मिस्त्री भांडी घासत होते आणि मुंगी शेजारी उभी राहून पुसत होती. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. मुंगी त्यांची मुलगी, सातवीतली. खाऊचा डबा कुठेही लपवा, ही शोधून काढणार, म्हणून आईनंच तिला हे नाव ठेवलं होतं. आई जाऊन आठ महिने झाले होते, आणि भांडी तेव्हापासून मिस्त्रींच्या वाट्याला आली होती.

“बाबा, हात दाखवा.”

मिस्त्रींनी साबणाचा हात पुढे केला.

“हे एक बोट सुरकुतलेलंच नाही.”

मिस्त्रींनी पाहिलं. नऊ बोटं पिळलेल्या फडक्यासारखी झाली होती, आणि डाव्या हाताचं मधलं बोट मात्र इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत.

“दारात सापडलेलं बोट ते. अकरा वर्षं झाली. आळशी झालंय, दुसरं काय!”

“पण का?”

“मला काय ठाऊक? बघ तुझ्या त्या फोनवर.”

हे वाक्य आपल्याला शनिवारपर्यंत पुरणार आहे, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. मुंगीला शाळेत विज्ञानाचा प्रकल्प होता. प्रत्येकानं आपल्या घरातला एक प्रश्न घ्यायचा, इंटरनेटवर त्याचं उत्तर शोधायचं, आणि ते उत्तर खरं कशावरून हे शनिवारी पालकांसमोर सांगायचं. तिनं फडकं ठेवलं आणि फोन घेतला. तिच्या आईचा फोन आता तिच्या अभ्यासाला होता.

दहा मिनिटांनी ती परत आली ती चेहरा पाडून. जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “तुम्ही उद्या कामावर जाऊ नका.”

“का?”

मुंगीनं ताट सरकवलं. मिस्त्री हात धुवायला गेले तर ही दाराबाहेर उभी. ते खोकले तर हिनं आतून विचारलं, “काय झालं?” शेवटी तिची पाठ वळली तेव्हा मिस्त्रींनी फोन उघडून पाहिला. पडद्यावर लाल बाण होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘पाण्यात बोट सुरकुतत नाही? हृदय देतंय शेवटचा इशारा!’ त्याखाली केसांच्या तेलाची जाहिरात होती.

“अगं, असं काही नसतं,” मिस्त्री म्हणाले.

“कशावरून?”

“मी सांगतोय ना.”

मुंगी खाली बघत म्हणाली, “आईच्या वेळीही तुम्हीच सांगितलं होतं. रविवारी घरी येईल म्हणून.”

 मिस्त्रींनी ताट उचललं.

आपला शब्द आता चालत नाही, तर दुसऱ्या कुणाचा तरी आणावा, असं त्यांच्या डोक्यात आलं ते तिथेच, मोरीपाशी. प्रश्न विचारा, उत्तर मिळवा अशी एक साइट होती. त्यांनी ती आपल्या फोनवर उघडली, तर हाच प्रश्न तिथे कुणीतरी विचारलेला. त्यावर उत्तर द्यायचं तर आधी नोंदणी. व्यवसाय निवडा म्हणाली. यादीत डॉक्टर होता, वकील होता, शिक्षक होता, जादूगारसुद्धा होता, लिफ्टवाला नव्हता. मिस्त्रींनी डॉक्टरवर बोट ठेवलं. नाव काय लिहावं? खोटं तर बोलायचं नव्हतं. एकवीस वर्षांचा अनुभव होता, म्हणून लिहिलं, ‘डॉ. अनुभवी’.

मग एका बोटानं टाइप केलं: ‘घाबरू नये. ज्याचं एखादं बोट पाण्यात सुरकुतत नाही तो माणूस ठणठणीत असतो. एक दिवा लागला नाही म्हणून लिफ्ट पडत नाही. अशी माणसं ऐंशी पार करतात. वेळोवेळी तेलपाणी करावं.’

“हे बघ,” ते बाहेर येऊन म्हणाले. “डॉक्टरांनी लिहिलंय. खुद्द डॉक्टरांनी!”

मुंगीनं ते दोनदा वाचलं. मग उठली आणि उरलेलं जेवली. मिस्त्रींना आठ महिन्यांत पहिल्यांदा आपण काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

मंगळवारी दुपारी ते एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होते. खाली चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध एक गृहस्थ अडकले होते. तेवढ्यात फोन वाजला. डॉ. अनुभवींना प्रश्न आला होता, आणि विचारणाऱ्याच्या जागी मिस्त्रींच्या बायकोचं नाव होतं.

मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला. मग ध्यानात आलं, फोन तिचा, नाव तिचं, बोटं मुंगीची. 

‘डॉक्टर, बाईंनी सांगितलंय की लेखकाला पत्र लिहून विचारायचं. आपण कोणत्या रुग्णालयात असता?’

मिस्त्रींनी विचार करून लिहिलं, ‘मी सहसा वरच्या मजल्यावर असतो.’

‘अशी किती माणसं तपासलीत?’

‘पुष्कळ. रोज वर-खाली करणारी.’

खालून घंटा वाजली. “अहो, कोणी आहे का?”

“आलो, आलो! धीर धरा!” मिस्त्री ओरडले.

फोन पुन्हा वाजला. ‘माझ्या बाबांना खरंच काही झालं, तर ते मला सांगतील का?’

मिस्त्री हत्यारांच्या पेटीवर बसले. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. खालची घंटा आता थांबायचं नाव घेईना. शेवटी त्यांनी एकच शब्द पाठवला, ‘सांगतील.’

लगेच उलट टपाली आलं, ‘कशावरून?’

“अहो, मला गुदमरायला होतंय!” खालचे गृहस्थ ओरडले.

“मलाही!” मिस्त्री म्हणाले, आणि पाना उचलून कामाला लागले.

बुधवारी ते घरी आले तर समोरच्या काकूंच्या दारात बादली आणि बादलीत काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत. काका पेन्शनीत निघालेले, गरीब गाय.

“अहो मिस्त्री, बघा ना,” काकू रडवेल्या आवाजात म्हणाल्या. “अर्धा तास झाला. दहाच्या दहा सुरकुतली! आमच्या ह्यांचं काही खरं नाही.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी म्हणजे? डॉक्टरांनी! हे वाचा. एक तरी बोट गुळगुळीत राहिलं तर माणूस नव्वद पार करतो.”

“ऐंशी,” मिस्त्रींच्या तोंडून निसटलं.

“नव्वद लिहिलंय.”

खरंच नव्वद लिहिलं होतं. गुरुवारी मुंगीच्या मावशीचा फोन आला. “भावजी, संशोधनात सिद्ध झालंय म्हणे, शंभर! आरोग्याच्या साइटवर आलंय. तुमचं ते बोट जपा हं.” साइटवर डॉक्टर अनुभवींना ‘जगप्रसिद्ध’ केलं होतं आणि त्यांचा फोटोही छापला होता. गृहस्थ दिसायला बरे होते.

मुंगीनं तिन्ही उत्तरं कागदांवर छापून आणून वहीत ठेवली. बाईंचा नियमच होता: कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कशाच्या आधारावर लिहिलं, आणि निदान तीन ठिकाणी तेच सापडतं का. तिला तीन ठिकाणं सापडली होती. तिन्ही ठिकाणी तिचा बापच होता.

“मुंगे, तो विषय सोड ना,” मिस्त्री म्हणाले. “पाण्याचं चक्र कर. सोपं असतं.”

“ते आठ जण करतायत.”

“मग नववी तू.”

मुंगीनं वही मिटली. उत्तर काढून टाकावं असं मिस्त्रींच्या मनात दहा वेळा आलं. पण डॉक्टर नाहीसा झाला की लाल बाण परत येणार. आणि ठेवलं तर पोर शनिवारी सगळ्यांसमोर खोटं वाचणार, बाई तिची सालटी काढणार. इकडे आड, तिकडे विहीर. शुक्रवारी जेवताना त्यांनी धीर केला.

“तो डॉक्टर आहे ना, अनुभवी...”

“काय त्याचं?”

“काही नाही. माणूस बरा वाटतो.”

“हं,” मुंगी म्हणाली.

शनिवारी वर्गात पालकांना मुलांच्या बाकांवर बसवलं होतं. मिस्त्रींचे गुडघे हनुवटीला लागत होते. मुंगीच्या कौतुकाला म्हणून समोरच्या काकूही आल्या होत्या. विज्ञानाच्या बाई ठेंगण्या होत्या, पण त्यांनी चष्म्यावरून पाहिलं की मोठी माणसंही बाकाखाली काही पडलंय का ते शोधायची.

“हे कोणी लिहिलं?” त्या एका मुलाला विचारत होत्या.

“इंटरनेटनं.”

“असं का! कुठे राहतात हे इंटरनेट?”

मुलगा खाली बसला.  पुढचा नंबर मुंगीचा होता.

तिनं तक्ता लावला, प्रश्न वाचला, आणि तिन्ही कागद ओळीनं टाचले. “मला तीन ठिकाणी एकच उत्तर मिळालं,” ती म्हणाली. मिस्त्रींनी डोळे मिटले.

“पण ते खोटं आहे.”

मिस्त्रींनी डोळे उघडले.

“तिन्हींत एक वाक्य आहे. ‘एक दिवा लागला नाही म्हणून लिफ्ट पडत नाही.’ तीन वेगवेगळ्या माणसांना बोटावरून लिफ्ट आठवणार नाही. म्हणजे ही तीन उत्तरं नाहीत, एकच आहे. बाकीच्यांनी उतरवून घेतलंय आणि प्रत्येकानं दहा वर्षं वाढवलीत.”

काकूंनी सावकाश मान वळवून मिस्त्रींकडे पाहिलं.

“मी त्या डॉक्टरांना पत्र लिहिलं,” मुंगी पुढे म्हणाली. “रुग्णालय सांगत नाहीत. पुरावा सांगत नाहीत. कशावरून विचारलं की गप्प बसतात. मग मी एका वैद्यकीय विद्यापीठाचं पान शोधलं. तिथे लिहिणाऱ्यांची नावं आहेत, तारीख आहे, कोणत्या अभ्यासावरून लिहिलं तेही आहे. हातांचं ऑपरेशन करणाऱ्या एका डॉक्टरांना मी विचारलं, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. बोटं पाणी पिऊन फुगतात म्हणून सुरकुतत नाहीत. मज्जातंतू हुकूम देतात, आतल्या रक्तवाहिन्या आवळतात, मग कातडी आत ओढली जाते. बाबांच्या बोटाचा मज्जातंतू दारात तुटला. त्याला हुकूमच पोचत नाही. हृदयाचा काही संबंध नाही.”



“छान,” बाई म्हणाल्या. छान म्हणतानाही त्यांचा चष्मा हलला नाही. “पण हे पहिलं खोटं उत्तर, ते मुळात कोणाचं?”

“मला माहीत आहे,” मुंगी म्हणाली. “पण सांगणार नाही. लेखकाची परवानगी घेतलेली नाही.”

“मग मुद्दा अर्धा राहिला. गुण कापावे लागतील.”

“कापा.”

बाकावरून उठायला मिस्त्रींना वेळ लागला, कारण गुडघे अडकले होते. अर्धवट वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी हात वर केला. “बाई, तो मी.”

“आपण डॉक्टर आहात?”

“नाही. लिफ्ट दुरुस्त करतो. पोर घाबरली होती. माझं ऐकेना, म्हणून डॉक्टर झालो.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. “म्हणजे आमच्या ह्यांना मी तीन दिवस बादलीत बसवलं ते...” काकूंचा आवाज चढला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि काकू बाकाखाली काहीतरी शोधू लागल्या.

“उत्तर काढून टाकू नका,” बाई मिस्त्रींना म्हणाल्या. “ते पसरलंय. त्याच्याखाली खरं काय ते लिहा, स्वतःच्या नावानं. आत्ता लिहा.”

बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसून मिस्त्रींनी लिहिलं. मुंगी शेजारी बसली.

“तुला कधी कळलं?”

“मंगळवारी. वरच्या मजल्यावर असतो म्हणालात तेव्हा.”

“मग तरी विचारत का राहिलीस?”

“तो डॉक्टर तरी उत्तर द्यायचा,” मुंगी म्हणाली.

 मिस्त्रींनी बटण दाबलं. ‘वरचं उत्तर चुकीचं आहे. ते मीच लिहिलं होतं. मी डॉक्टर नाही, लिफ्ट दुरुस्त करतो. माफ करा.’

मिनिटभरात फोन वाजला. ‘लिफ्टवाल्यांनी वैद्यकशास्त्रात नाक खुपसू नये.’ मग दुसरा. ‘डॉक्टर अनुभवींसारख्या थोर माणसाचं नाव घेऊन खोटं बोलता? लाज वाटत नाही?’ मग तिसरा. ‘माझ्या आजोबांना ह्याच उत्तरानं गुण आला आहे. पुरावा द्या नाहीतर चालते व्हा.’

“अरे, पण मीच तो!” मिस्त्री फोनवर ओरडले आणि रागारागानं टाइप करू लागले.

“काय लिहिताय?”

“खरं.”

“त्यांना नकोय ते,” मुंगी म्हणाली. “मला सांगा.”

मिस्त्रींचं बोट थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कोणतं खरं, हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी फोन खिशात टाकला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“तुझी आई दवाखान्यात गेली ना, त्या दिवशीच डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं,” ते म्हणाले. “खऱ्या डॉक्टरांनी. म्हणाले, फार दिवस नाहीत. आणि मी घरी येऊन तुला म्हणालो, रविवारी येईल.”

“कोणत्या रविवारी?”

“मलाही ठाऊक नव्हतं गं. तोंडाला आला तो वार सांगितला.”

मुंगी थोडी जवळ सरकली. “पहिल्यापासून सांगा,” ती म्हणाली.

मिस्त्री पहिल्यापासून सांगू लागले. अधूनमधून अडत होते, पण सांगत होते. खिशात फोन एकसारखा घरघरत होता. लोक त्यांना खोटारडे म्हणत होते. म्हणू देत, मिस्त्रींना आत्ता वेळ नव्हता.