भिकाजी आबांचा अर्धा किलो

आमच्या अंगणवाडीत दर महिन्याला पोरांची वजनं व्हायची, आणि पोरांच्या आधी काट्याची परीक्षा व्हायची. ती भिकाजी आबा घ्यायचे. दुपट्ट्याच्या गाठीतून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन काढायचं, टांगलेल्या झोळीत ठेवायचं आणि एक डोळा बारीक करून काटा बघायचा. "बरोबर दावते," असं म्हणताना त्यांना जरा वाईटच वाटायचं.

वरवट बकालजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडीची बाई. आबांचा माझ्यावर राग नव्हता, विश्वासही नव्हता. तो कशावरच नव्हता. एका साली कोणीतरी बीटीच्या नावाखाली भलतंच बियाणं गळ्यात मारलं, उभी पऱ्हाटी बोंडअळीनं खाल्ली. उरलेला कापूस मोजताना व्यापाऱ्यानं काटा मारला. तेव्हापासून पाकीटबंद काहीही दिसलं की आबा ते उलटंपालटं करून हुंगायचे. माझी खिचडी तर रोज हुंगायचे. "वरून समदं चांगलंच दिसते, बाई."

त्यांची नात पायल माझ्याकडे यायची. मुलगा-सून मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आजी कधीच गेलेली. घरात हे दोघंच. पायल आत आली की आबा खिडकीशी उभे.

"काय करून राह्यली पोट्टी?"

"खेळतेय, आबा."

"मंग शिकते कवा?"

खेळता खेळताच शिकतात, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. एकदा मी मुलांना जड-हलकं शिकवत होते. एका हातात वीट, दुसऱ्या हातात कापूस. आबा खिडकीतून म्हणाले, "हे तं आमच्या बैलालेही समजते. याचा पगार भेटते तुमाले?" मला राग आला. चांगला दोन दिवस टिकला.

उन्हाळ्यात मुलगा आला. पोरगी सुकलीय, इथं ना धड खाणं ना शिकणं, मलकापुरात केजीत घालतो म्हणाला. आबा एवढंच म्हणाले, "बाईच्या काट्यावर मोजून पाय. भरली नाई तं ने."

वजनाच्या त्या दिवशी आबांनी काटा तपासलाच नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. पायल झोळीत बसली आणि अशी भरली, की मुलगाही बघत राहिला. तेवढ्यात तिनं फ्रॉकच्या खिशात हात घातला, लोखंडी अर्धा किलो बाहेर काढला आणि हात लांब करून वर्गातल्यासारखं म्हणाली, "बाई, हे जड."

"आबा, तुमी काटा मारला?" मुलगा म्हणाला.

वजन वाढवायला कापसावर कधी पाण्याचा थेंब न मारलेला माणूस मान खाली घालून उभा होता. "हे पोट्टी गेली तं मी बोलू कोनासंग?"

मला फार वाईट वाटलं. माझा काटा तेव्हा खोटं बोलला असता तर मी चालवून घेतलं असतं.

पायल गेली. केजीत पहिल्याच दिवशी तिनं जड काय, हलकं काय ते सांगितलं, असा मुलाचा फोन आला. आबांनी तो साऱ्या गावाला ऐकवला.

मग एके सकाळी ते आले. दुपट्ट्याची गाठ सोडून त्यांनी अर्धा किलो माझ्यापुढे ठेवला. "पोट्ट्याइले खेळाले होईन."

दारापर्यंत जाऊन वळले, डोळा बारीक केला. "पन मी रोज येऊन पाहीन, बाई. कोनी बदलून नाई ठेवला पायजे."

आता ते रोज येतात. अर्धा किलो तळहातावर घेऊन "हाच हाय" म्हणतात, आणि पोरांची गाणी संपेपर्यंत आत सतरंजीवर बसून राहतात.