एका बायकोचे दोन करदाते

आयकर भरायला सल्लागाराची पायरी चढणारे लोक मला कळतच नाहीत. साधी बेरीज-वजाबाकी तर असते! मी छाती ठोकून बायकोला सांगितलं, "चहा निवायच्या आत विवरणपत्र भरून दाखवतो!"

"नीट भर हं," ती म्हणाली. "त्याची पोच जोडल्याशिवाय आईला इकडे परदेशात यायचा व्हिसा मिळणार नाही. तिने बॅगसुद्धा भरून ठेवलीय!"

यंदा जरा गंमत होती. अर्धं वर्ष मी विद्यार्थी व्हिसावर होतो. मग नोकरी लागली, व्हिसा बदलला आणि करखात्याचा नवा क्रमांकही मिळाला. अर्ज विचारी, "विद्यार्थी की नोकरदार?" अहो, दोन्ही! पण खूण एकाच चौकटीत करता येईना. तेव्हा माझं डोकं असं काही चाललं म्हणता! मी सरळ दोन अर्ज भरले. एक जुन्या क्रमांकावर, एक नव्या. दोन्हींवर प्रामाणिकपणे 'विवाहित' लिहिलं आणि खाली बायकोचं नाव घातलं. चहा अजून गरम होता!

आठवडाभरात करकचेरीतून फोन! तिथल्या बाईंना माझ्याशी बोलायचंच नव्हतं. "पत्नीला द्या," त्या म्हणाल्या. मी स्पीकर लावून फोन बायकोपुढे धरला.

"मॅडम, अगदी मोकळेपणाने सांगा. तुमच्या घरात दोन नवरे राहतात का?"

मी स्वतःकडे बोट दाखवून दोन-दोनदा छाती बडवली. बायकोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिथेच घात झाला.

"एका वेळी एकच," ती म्हणाली. "पहिला गेला, मग दुसरा आला."

"अरेरे! पहिले वारले?"

"छे हो! नोकरी लागली त्याला."

आता बायकोला कंठच फुटला. "पहिला फार गुणी होता हो! भांडी घासायचा, कपडे वाळत घालायचा, बोललेलं ऐकायचा! हा दुसरा संध्याकाळी येतो आणि मोज्यांसकट सोफ्यावर आडवा होतो!"

मी कपाळाला हात लावला. गेला सासूबाईंचा व्हिसा! झडप घालून फोन घेतला आणि दोन्ही नवरे मीच, सासूबाईंची बॅग भरलेली, असं सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी प्यावं लागलं.

"माणूस एक, तर अर्जही एकच," शेवटी त्या म्हणाल्या. "एक रद्द करते. कोणता ठेवू?"

"पहिला!" बायको माझ्या खांद्यावरून ओरडली.

"पण मॅडम, त्याला काही उत्पन्नच नाही. त्याच्या पोचेवर आईंना व्हिसा मिळायचा नाही."

बायकोने मला डोक्यापासून मोज्यांपर्यंत न्याहाळलं. मग मोठा सुस्कारा सोडला.

"बरं, दुसरा राहू द्या," ती म्हणाली. "आई येऊन गेली, की बदलून मिळेल ना?"