प्रवेशबंदीची बैठक

रुग्णालयातल्या बाळाच्या खोलीत कोणीही जायचं नाही, असा निर्णय एकमताने झाला. बैठक बाळाच्याच खोलीत भरली होती. तोंडाला मास्क लावून बसलेल्या आईने सगळ्यांना बाहेर जायची खूण केली, ती अनुमोदन म्हणून धरण्यात आली.

आजार डॉक्टरीणबाईंनी समजावला होता. "पेशीच्या दारावर बेल आहे, पण आत जाणारी तार जन्मतःच तुटलेली. वाढा, तयार व्हा, हा निरोप दारापर्यंत येतो, आत ऐकूच जात नाही. मग जंतूंशी लढणार कोण? सोमवारी मोठ्या बहिणीची अस्थिमज्जा देऊ. तोवर साधी सर्दीसुद्धा नको."

"पण हे आलं कुठून?" सासूबाईंनी विचारलं.

"हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला काही होत नाही."

"तरीच!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी लगेच व्याह्यांना फोन लावला.

त्यामुळे माहेरची मंडळी घराण्याची बाजू मांडायला जातीने हजर झाली. मामाने दारावरची 'आत येऊ नये' ही पाटी मोठ्याने वाचली आणि तो आत आला. "आमच्याकडे असलं काही नाही," पाळण्यावर वाकून तो म्हणाला. "नाक बघा, थेट बापाचं आहे!"

शेजारीणबाई आल्या. "मी काही बाहेरची नाही गं, पाचच मिनिटं." पाठोपाठ रुग्णालयाचे व्यवस्थापक प्रवेशबंदी नीट पाळली जाते की नाही हे पाहायला आले. सोबत फोटोग्राफर होता. 'खोलीत शुकशुकाट' असा फोटो हवा म्हणून सगळ्यांना भिंतीला चिकटून उभं केलं.

रविवारी बाळ शिंकलं. ताप चढला. सोमवारचा बेत रद्द झाला आणि आत कोण कोण आलं होतं, याची चौकशी करायला पाचजणांची समिती आत आली.

आईला रडू फुटलं, पण त्याहून संताप मोठा होता. तिने समितीला दंडाला धरून बाहेर काढलं. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"डॉक्टर, ही तार मोठ्या माणसांतही तुटलेली असते का हो?"

"सर्रास. पण त्याने ते स्वतः दगावत नाहीत."

आईने कडी लावली, बाळाच्या कपाळावर हात ठेवला आणि वळून पाहिलं. तुम्ही पहिल्या वाक्यापासून आतच उभे आहात. हात तरी धुतले होते का?